खाडीपट्टा इलेव्हनचे सात जण

सर्व संबंधितांस, आणि त्यातही माझ्या पत्नीस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मी ओमान देशात सतरा दिवस राहून आलो आणि त्या मुदतीत एकही किल्ला पाहिला नाही. डोंगरातली निळ्या पाण्याची कुंडं पाहिली नाहीत. कासवं पाहिली नाहीत. मोठी मशीद पाहिली, पण धावत्या गाडीतून आणि तीही अर्धीच, कारण उरलेल्या अर्ध्या भागासमोर हनीफचं डोकं होतं. ज्यांनी ज्यांनी फोटोंसाठी फोन केले, त्यांनी हे निवेदन अंतिम समजावं.

आता खुलासा. मी गुहागरचा. मंडप आणि लाऊडस्पीकर हा माझा धंदा, आणि गावोगावच्या क्रिकेट स्पर्धांत माइकवरून धावतं वर्णन करणं हा छंद. हनीफ माझा शाळेतला बाकसोबती, खाडीपलीकडच्या गावचा. पंचवीस वर्षांपूर्वी मस्कतला गेला. गाला नावाच्या गॅरेजांच्या वस्तीत तो गाड्यांचे एसी दुरुस्त करतो आणि अल खौदला, विद्यापीठाच्या बाजूला, बायकोबरोबर राहतो. दर सुट्टीत गावी आला की म्हणायचा, एकदा ये, देश दाखवतो. या जानेवारीत मी गेलो.

विमानतळाबाहेर त्याची गाडी उभी होती, इंजिन चालूच. समोरच्या काचेखाली गोलकीपरचे हातमोजे पडले होते. मिठी झाली, बॅग आत टाकली, आणि पंचवीस वर्षं परदेशात काढलेल्या मित्राने मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता :

"सुऱ्या, तुझ्याकडं हितलं रहिवासी कार्ड नाय ना?"

मी म्हटलं, अरे, मी पाहुणा. व्हिजिट व्हिसावर आलोय.

"मंग तू उपयोगाचा नाय," तो म्हणाला आणि त्याने गाडी काढली.

प्रकरण काय ते मला त्या रस्त्यावरच कळलं. डावीकडे केस उतरवल्यासारखे उघडेबोडके तपकिरी डोंगर, उजवीकडे एकाच उंचीची पांढरी घरं, आणि मधे हनीफचं बोलणं. तिथे कामगारांची एक शुक्रवारची फुटबॉल लीग चालते. तिचे तीन विभाग. पहिल्यात चांगले खेळणारे, दुसऱ्यात बरे खेळणारे, तिसऱ्यात शुक्रवारी मोकळे असणारे. तिसऱ्याच्या खाली काही नाही. त्या तिसऱ्या विभागाच्या तळाला खाडीपट्टा इलेव्हन हा हनीफचा संघ होता; त्याचा गोली, म्हणजे गोलकीपरही, हनीफच. रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांवरची मुलं, म्हणून हे नाव. इलेव्हन हा भाग आशेपोटी.

हरण्याची त्याला फिकीर नव्हती. फिकीर हजेरीची होती. नियम असा की मैदानात किमान सात खेळाडू हवेत, आणि तेही रहिवासी कार्डवाले. सहा असले की सामना न खेळताच गेला. आणि एका हंगामात असे तीन सामने गेले की संघाचं नाव लीगमधून कायमचं काढून टाकतात. खाडीपट्ट्याचे दोन गेले होते. तीन शुक्रवार उरले होते.

मी म्हटलं, पन्नाशी उलटलीय, जाऊ दे ना संघ. पोरांना दुसऱ्या कुठल्या संघात घेतील.

त्याने गाडी कडेला घेतली. पुढचा खण उघडून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद माझ्या मांडीवर ठेवला. लीगचा नोंदणी अर्ज. त्यात एक रकाना होता : अर्बाब. अर्बाब म्हणजे मालक. तिकडे हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकू येतो. गॅरेजचा परवाना अर्बाबच्या नावाचा, गॅरेजची पाटी अर्बाबच्या नावाची. आपला माणूस पंचवीस वर्षं राबला तरी कागदावर कामाला असतो. हनीफचा अर्बाब भला माणूस होता, ईदला घरी बोलवायचा, तक्रार काहीच नव्हती. पण या एका कागदावर अर्बाब या शब्दापुढे हनीफचं स्वतःचं नाव लिहिलेलं होतं.

"ह्यो एकच हाय," तो म्हणाला. कागद परत गुंडाळला. "यल्ला."

यल्ला म्हणजे चला. पुढचे सतरा दिवस मी दुसरं फारसं काही ऐकलं नाही.

पहिला शुक्रवार. तिकडे शुक्रवारी सुट्टी. सकाळी रस्ते रिकामे, दुकानं बंद. जुबेदा वहिनींनी सांदणं केली होती. मी तिसऱ्यांदा नारळाचा रस वाढून घेत असताना खाली हॉर्न वाजला. वहिनींनी उरलेली सांदणं डब्यात भरून माझ्या हातात दिली. "भाऊजी, आता बसून जेवायचं ते हंगाम संपल्यावर," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अनुभव होता.

आधी रुसैल. तिथे कारखाने आणि गोदामं, आणि कंपनीच्या बसमधून आणले-नेले जाणारे कामगार. रिझवान आणि इम्रान हे श्रीवर्धनकडचे दोघे भाऊ पाइपच्या कारखान्यात होते. एक फाटकाबाहेर उभा होता, दुसऱ्याला सुपरवायझरने जादा कामाला थांबवलं होतं. हनीफ आत गेला. वीस मिनिटांनी दोघे बाहेर आले, भाऊ आणि हनीफ. सुपरवायझरच्या गाडीचा एसी आता बर्फासारखा चालतो, एवढंच मला सांगण्यात आलं.

मग गाला. तिथले तिघे मेकॅनिक यायचे. एक जण गाडीखाली झोपून काम करत होता आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. हनीफने शर्ट काढला, स्वतः गाडीखाली शिरला, आणि त्या मुलाला पाय धरून बाहेर ओढून माझ्याकडे कपडे बदलायला पाठवलं. आम्ही चालत्या गाडीत कडक चहा प्यायलो. खाणं म्हणजे पराठ्यात चीज लावून, त्यावर बटाट्याचे वेफर्स चुरडून केलेली गुंडाळी. हसू नका. मी सतरा दिवसांत अठ्ठावीस खाल्ल्या.

शेवटचे देशपांडे. हे पुण्याचे, एका मोठ्या ऑफिसात हिशेबनीस, वय चाळीस, डावे बचावपटू. बूट कापडी पिशवीत, पिशवीवर नाव भरतकामात. हनीफने अल खौदच्या भाजीच्या दुकानात त्यांना टोमॅटो निवडताना पकडून संघात घेतलं होतं, कारण त्यांच्या पोटऱ्या त्याला आवडल्या. ते यायचे, पण त्यांच्या पत्नीने, मानसीताईंनी, सोडलं तरच.

त्या दिवशी आठ जमले. गालाच्या मागच्या खडीच्या मैदानावर आम्ही पाच गोलांनी हरलो आणि हनीफ घरी येईपर्यंत गात होता.

दुसरा शुक्रवार वादीत. वादी म्हणजे कोरडी नदी, सगळे दगडगोटे. त्या दिवशी कुठून कोण जाणे दहा जण आले. संघाच्या इतिहासातला हा उच्चांक पाहून माझ्यातला निवेदक जागा झाला. माइक नव्हता, पण मला माइक हा केवळ शोभेला लागतो. मी वर्णन सुरू केलं. नासेर नावाचे ओमानी पंच होते, शाळेत खेळाचे शिक्षक, हिंदी उत्तम. ते मैदान ओलांडून माझ्यापर्यंत चालत आले आणि त्यांनी मला पिवळं कार्ड दाखवलं. प्रेक्षकाला. पुढचं लाल असेल, आणि तुम्ही या संघाचे पाहुणे असल्याने ते संघाच्या खात्यात जाईल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी तोंडावर हात ठेवला. दोन्ही हात.

मधल्या दिवसांत मला वाटायचं, आता किल्ला. मंगळवारी टोपी घालून तयार बसलो. हनीफ म्हणाला, आधी जरा रुसैलला डोकावू, मग तसंच पुढे निझवाच्या किल्ल्यावर जाऊ. जरा डोकावण्यात संध्याकाळ झाली. बातमी अशी आणली की रिझवान-इम्रानची गावी जायची रजा मंजूर झाली होती. शेवटच्या सामन्यानंतर चार दिवसांनी दोघांचं विमान. हनीफ परत येताना स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. हाताला, पायाला, गाडीला, कशालाच स्वस्थता नव्हती. मीही घरात बसून फोन वाजायची वाट बघू लागलो, आणि लक्षात आलं की किल्ल्याची टोपी मी दोन दिवस काढलेलीच नाही.

गुरुवारी पंचांचा निरोप आला. खडीच्या मैदानात पाइप टाकायला चर खणलाय. शेवटचा सामना सीबच्या समुद्रकिनाऱ्यावर, उद्या चार वाजता. पाण्याची वेळ कोणाला माहीत आहे का?

वाचकहो, हा प्रश्न दोन कोकणी माणसांना विचारला गेला होता.

समोरचा संघ रुसैलच्या गोदामवाल्यांचा, पंजाबकडचे उंचेपुरे गडी; त्यांचा समुद्राशी संबंध नाही. आम्ही मात्र खाडीच्या पाण्यात वाढलेलो. वहिनींच्या स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर होतं, त्यात मी तिथी पाहिली : पौर्णिमा. हनीफने बोटांवर चांद मोजला : पंधरावा. आमच्याकडे पौर्णिमेला दुपारी बाराला भरती आणि संध्याकाळी सहाला सुकती (पूर्ण ओहोटी), हे शेंबड्या मुलालाही पाठ असतं. म्हणजे चार वाजता पाणी मागे जात असणार आणि सामना संपेपर्यंत आणखी मागे. मी तिथीवरून, तो चांदावरून, दोघे एकाच उत्तरावर आलो. हनीफने पंचांना कळवलं, निर्धास्त राहा, मैदान वाढतच जाईल.

तिसरा शुक्रवार. रुसैलहून भाऊ दोन्ही आले. गालातले तिघे आले. मी मोजत होतो : हनीफ धरून सहा. देशपांडे फोन उचलत नव्हते. आम्ही त्यांच्या इमारतीखाली गेलो, हॉर्न दिला, वर पाहिलं. शेवटी ते खाली आले, मागोमाग भरजरी साडीत मानसीताई. साडेपाचला कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता. ताई स्वतः गाडी चालवत मागून आल्या आणि गाडी थेट वाळूच्या कडेला, आमच्या गोलामागे लावून काचा वर करून बसल्या. त्यांनी नवऱ्याला पाच वाजून दहा मिनिटांपर्यंतची मुदत दिली होती. सामना सव्वापाचला संपणार होता.

किनारा भव्य होता. पाणी लांब, चकचकीत ओली वाळू, सपाट. मी हनीफकडे अभिमानाने पाहिलं. एक म्हातारा ओमानी कोळी होडीला टेकून जाळं विणत बसला होता. तो आमचे खांब पाहून म्हणाला, "पानी आएगा."

"चाचा, पानी जाएगा," मी त्याला समजावलं.

"इन्शाल्ला," तो म्हणाला आणि त्याने जाळं उचलून होडीत टाकलं.

शिट्टी वाजली. अकरांविरुद्ध सात. मैदान एवढं रुंद की आमच्या दोन खेळाडूंच्या मधून ट्रक गेला असता. पहिल्या अर्ध्यात आमच्यावर तीन गोल झाले. मी दोन्ही हात तोंडावर ठेवून बघत होतो. खेद नव्हता, सात होते ना. गोल कितीही होवोत, सात माणसं शेवटच्या शिट्टीपर्यंत उभी राहिली की काम झालं.

मध्यंतरात माझ्या चपला ओल्या झाल्या.

मला आधी वाटलं, एखादी चुकार लाट. मग दुसरी आली. मी होडीकडे वळून पाहिलं. म्हातारा उठला होता आणि एका सोबत्याला घेऊन होडी वर ओढत होता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भरती प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळी येते. आम्ही दोघा विद्वानांनी गुहागरची वेळ सीबच्या समुद्राला लावली होती. इथली सुकती कधीच होऊन गेली होती, आणि आता पाणी येत होतं.

नासेर पंचांनी घड्याळ पाहिलं, पाणी पाहिलं, मग आम्हा दोघांकडे पाहिलं. त्यांनी निकाल दिला : जिथे पाणी, तिथे मैदानाची रेघ. पण पाणी गोलाच्या खांबाला लागलं की सामना बंद, आणि पुढच्या शुक्रवारी पहिल्यापासून नवा. हनीफचा चेहरा उतरला. पुढच्या शुक्रवारी रिझवान-इम्रान श्रीवर्धनला असणार. पाचच उरतील. म्हणजे तिसरी गैरहजेरी, म्हणजे खलास.

दुसरा अर्धा सुरू झाला आणि मला हळूहळू दिसू लागलं की समुद्र आमच्या बाजूने खेळतोय. दर लाटेला मैदान हातभर अरुंद होत होतं. अकरा गडी एकमेकांच्या पायात यायला लागले. आमच्या सातांना मात्र आता मैदान पुरत होतं. चेंडू ओल्यात रुतायचा, गोदामवाल्यांचा लांब पाय हवेत फिरायचा, आणि गालातला एखादा मेकॅनिक, जन्मभर चिखलात खेळलेला, तो चेंडू अलगद काढून न्यायचा. एक गोल तरीही झाला. चौथा. हनीफ डावीकडे पडला, चेंडू उजवीकडून गेला. उठायला त्याला वेळ लागला.

पाणी जवळच्या खांबापासून चार पावलांवर. मग तीन.

आणि गोलामागून गाडीचा हॉर्न वाजला. पाच वाजून दहा. देशपांडे थबकले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, हनीफकडे पाहिलं, आणि अगदी हलकेच, सभ्य माणसासारखे, रेघेच्या बाहेर सरकू लागले. ते बाहेर पडले की सहा.

हनीफ गोल सोडून येऊ शकत नव्हता. तो नुसता माझ्याकडे बघत होता.

मी हात तोंडावरून काढले. लाल कार्ड तर लाल कार्ड. गुहागरच्या मैदानात दोन वाड्या ऐकतात तो आवाज लावला आणि सांगितलं की, माता-भगिनींनो, आपण पाहत आहात पुण्याचा अभेद्य बुरुज, श्रीयुत देशपांडे. समोर अकरा आहेत, बाजूला अख्खा समुद्र आहे, पण हा पठ्ठ्या हलत नाही. अशा पुरुषाच्या पाठीशी कोण माऊली उभी असेल, तिला या किनाऱ्याचा नमस्कार. हे मी आणखी बरंच सजवून सांगितलं. हॉर्न थांबला. काच खाली आली. मग दार उघडलं, आणि मानसीताई साडी गुडघ्यापर्यंत उचलून, चपला हातात घेऊन वाळूत उतरल्या.

"अहो, इकडे काय बघताय," त्या ओरडल्या. "तो तिकडून आला बघा!"

देशपांडे वळले आणि त्यांनी तो चेंडू छातीवर घेतला. ऑफिसात सांगितलं तर कुणाला खरं वाटू नये इतका सुंदर.

नासेर माझ्याकडे येऊ लागले होते. हात खिशात होता. पण त्यांच्याही पिंढऱ्यांवर लाट आपटली, ते थांबले, खांबाकडे पाहिलं. एक पाऊल उरलं होतं. मग मनगटाकडे पाहिलं. आमच्याकडच्या मैदानांत मी पुष्कळ शेवटचे क्षण गाजवलेत, पण तेव्हा मी दोन्ही हात परत तोंडावर ठेवले. त्यांनी खिशातला हात काढला, शिट्टी तोंडाला लावली आणि सामना संपवला. पुढची लाट खांबाला लागली.

चार शून्य. खाडीपट्टा इलेव्हन हंगामात शेवटी, विभागात शेवटी, लीगमध्ये शेवटी, आणि लीगमध्ये. सात जण पाण्यात नाचत होते. गोदामवाल्यांचा कप्तान जिंकूनही कंबरेवर हात ठेवून बघत राहिला होता. म्हातारा कोळी आम्हाला खजूर आणि कहवा (वेलची घातलेली बिनदुधाची कॉफी) देऊन गेला आणि पाण्याबद्दल एक अक्षर बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा. वाढदिवसाला देशपांडे दांपत्य ओल्या कपड्यांनी गेलं म्हणे. नासेरांनी होडीच्या काठावर कागद ठेवून हनीफची सही घेतली, अर्बाब या शब्दापुढे. सही करताना त्याच्या नाकावरून समुद्राचं पाणी टपकत होतं आणि अक्षर फिसकटू नये म्हणून नासेर आपल्या टोपीने कागद झाकून उभे होते.

दोन दिवसांनी मी परत निघालो. गाडीला प्रथमच घाई नव्हती. हनीफ गालावरून वळसा घेऊन, नियमात चालवत होता. मशीद आली, आणि या खेपेला मला ती पूर्ण दिसली, पण मी पाहिली नाही; मी त्याच्याकडे पाहत होतो. माणूस देश बघायला जातो तेव्हा उभ्या असलेल्या गोष्टींची यादी करून नेतो. किल्ले, मशिदी, डोंगर. त्या तिथेच असतात, माझ्यावाचून त्यांचं अडलं नाही. या सतरा दिवसांत मी जे पाहिलं ते दर शुक्रवारी नव्याने गोळा करावं लागायचं, आणि एक माणूस जरी टोमॅटो निवडत राहिला असता तरी ते दिसलं नसतं. घरी पत्नीला हे कसं पटवावं, याची जुळवाजुळव मी मनात करत होतो.

विमानतळाच्या दारात आम्ही समोरासमोर उभे राहिलो. मी गळा साफ केला. निरोपाचं भाषण तयार होतं. त्यात शाळेचं बाक होतं, खाडी होती, दोन टाळ्यांच्या जागा होत्या. हनीफ माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होता. मी दुसऱ्या वाक्यावर असतानाच तो, बाजूचा पोलीस वळून बघेल एवढ्या मोठ्याने, म्हणाला :

"अर्बाब म्हणून सांगतोय सुऱ्या, पुढच्या वर्षी गोली बदलायचा. ह्यो म्हातारा झालाय."